गोडझिऱ्याच्या विहिरीवरचं नाव

सातपुड्याच्या पायथ्याशी, अकोटच्या वरच्या अंगाला, गोडझिरा हे सव्वाशे घरांचं गाव टेकडीवर बसलं आहे. खाली पूर्णेकडचं पाणी खारट, म्हणून माणसं गोड झऱ्याच्या मागं वर चढत आली आणि तिथंच राहिली. ज्योत्स्नाचा जन्म तिथल्याच बौद्धवस्तीतला. पुढं तिनं अकोल्यात तीस वर्षं भूगोल शिकवला, जठारपेठेत घर केलं.

तीन वर्षांपूर्वी गावचे जुने सरपंच खुशालराव यांनी गावाचा इतिहास छापला. त्यात लिहिलं होतं, बहात्तरच्या दुष्काळात झरा आटला तेव्हा त्यांनी पुढाकार घेऊन विहीर खोदवली, आणि त्या कामावर ‘एक मजूर स्वतःच्या हलगर्जीपणाने दगावला’. तो मजूर म्हणजे श्रावण, ज्योत्स्नाचा बाप. तेव्हा ती चार वर्षांची होती. पुस्तकात त्याचं नावसुद्धा नव्हतं.

ती ओळ वाचली आणि तिनं मनाशी ठरवलं, या माणसाला याच गावाच्या इतिहासात गाडायचं.

मग गावाचा खरा इतिहास लिहिण्यात तिनं सगळ्या सुट्ट्या घातल्या. नाले पायी फिरली, उतार मोजले, काळी माती कुठं संपते आणि खडक कुठं लागतो त्याचा नकाशा हातानं काढला. जुन्या कागदांच्या गठ्ठ्यात एक दिवस तिला बापाच्या मृत्यूचा पंचनामा सापडला. एक सुरुंग उडालाच नव्हता, म्हणून मजूर विहिरीत उतरायला तयार नव्हते. मुकादम होते खुशालराव. ‘माझ्या सांगण्यावरून श्रावण खाली उतरला,’ या जबाबाखाली त्यांचीच सही. ज्योत्स्ना रडली नाही. तिनं तीन झेरॉक्स काढल्या.

आपलं पुस्तक छापण्याआधी हस्तलिखिताची एक प्रत तिनं मुद्दाम खुशालरावांना धाडली. म्हाताऱ्याची झोप उडावी, एवढाच हेतू. आठवड्याभरात ते काठी टेकत जठारपेठेत आले. तिनं त्यांना पाणीही विचारलं नाही.

“बाई, बाकी सारं राहू दे. तेवढं एक पान काढून टाक. मी आता किती दिवसाचा?”

“माहा बाप अठ्ठावीस वर्साचा होता.”

“मले वाटलं, सुरुंग इझला असन.”

“मंग तुमी काहून नाही उतरले?”

खुशालराव काठीवर भार देऊन उठले आणि निघून गेले. पान तसंच छापलं गेलं.

ग्रामसभेत तिनं ते उभं राहून वाचलं. त्या कामावर असलेला देवमन आता वाकून गेला होता. तो उठला आणि त्यानं सांगितलं की असंच झालं होतं, आपण तेव्हा भीतीपोटी गप्प राहिलो. विहिरीवरची खुशालरावांची पाटी निघाली, श्रावणची लागली. त्यानंतर खुशालराव पारावर बसायला आले नाहीत. हे कळलं तेव्हा ज्योत्स्नाला हलकं वाटलं नाही, पण गोड वाटलं.

तिची आई लीलाबाई म्हणाली, “त्याहिचं नाव लागलं, झालं. आता म्हाताऱ्याले सोड.”

ज्योत्स्नानं होकाराची मान हलवली. दुसऱ्या दिवशी ती पोस्टात गेली. खुशालरावांची लेक बाळापूरला दिलेली होती. तिच्या सासरच्या पत्त्यावर ज्योत्स्नानं एक पुस्तक रजिस्टर केलं, आणि त्या पानात खुणेचा कागद घालायला विसरली नाही.