गरम शाफ्टचं माप

कारखान्यात जॉब म्हणजे लेथवर फिरणारा लोखंडाचा तुकडा. एवढा एकच अर्थ काकांना छत्तीस वर्षं पुरला होता. लेकीला नोकरी लागली तेव्हा बायको गल्लीभर सांगत सुटली, "पोरीला जॉब लागला!" काका म्हणाले, "जॉब लागत नाही गं, लेथच्या चकमध्ये घट्ट लावावा लागतो." लेक म्हणाली, जॉब प्रिंटरमध्येही अडकतो. एका शब्दाला किती ठिकाणी राबवाल, म्हणून काका खो खो हसले.

नोकरी लागली तीही त्याच कारखान्यात, तपासणीच्या टेबलावर. बापाने केलेला प्रत्येक जॉब लेक मोजायची. तिथे ती इतरांसारखं त्यांना काका म्हणे आणि ते तिला मॅडम. सगळ्यांची फुकट करमणूक.

पण या महिन्यात काकांचे दोन शाफ्ट, लोखंडी दांडे, माप चुकून बाद झाले होते. काल मालकाने तोंडावर सांगितलं, "तिसरा गेला की तुम्ही घरी बसा, काका."

आज नेमका जॉब थंड ठेवणारा कूलंटचा पंप बंद पडला. फाटकाबाहेर माल न्यायला गाडी उभी, मालकाच्या येरझारा चाललेल्या. काकांनी कोरडंच टर्निंग उरकलं, माप घेतलं, बरोबर आलं. शाफ्ट फडक्यात धरून त्यांनी टेबलावर ठेवला. फडकं काढताना बोटाला चटका बसला आणि चूक त्यांच्या लक्षात आली. गरम लोखंड फुगलेलं असतं, निवल्याशिवाय मोजायचं नाही. लेक शाळेत होती तेव्हा त्यांनीच तिला हे शिकवलं होतं.

तिने मायक्रोमीटर लावला. "बरोबर आहे," ती म्हणाली.

"मग सही कर, गाडी सोडू दे!" मालक ओरडला.

तिने शाफ्टला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. मग बापाकडे बघितलं. हिने डोळे मिटून सही करून टाकावी, असं काकांना क्षणभर अगदी मनापासून वाटलं. लगेच स्वतःची लाज वाटली.

"निवू द्या, मालक," तेच म्हणाले. "गरम मोजलाय मी."

शाफ्ट निवायला अर्धा तास लागला. मालक खुर्चीत बसून पाय हलवत होता. काका हात पुसत होते. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

तिने पुन्हा मोजलं. दोनदा मोजलं. शाफ्ट दोन शतांश मिलिमीटर कमी भरला. तिचं पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं.

"बाबा..." सहा महिन्यांत इथे ती पहिल्यांदाच असं म्हणाली.

"इथे बाबा कोण आहे? लिहा, मॅडम."

तिने लिहिलं. काकांनी लाल रंगाचा डबा उघडून स्वतःच शाफ्टवर बाद मालाचा पट्टा ओढला. लेथ पुसलं, चकची चावी खिळ्याला अडकवली, जेवणाचा डबा उचलला आणि निघाले. फाटकापर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. ती रडताना दिसली असती, तर त्यांनी सगळ्यांसमोर तिला जवळ घेतलं असतं.