किल्लीची पेटी आणि दोन भाऊ

आमच्या अंबडच्या कारखान्यात ती पेटी आली तेव्हा मालक नारळ घेऊन तयार होते आणि मी आडवी आले. नारळाला माझी हरकत नव्हती, जागेला होती. ती पेटी हादरली, कलली किंवा कुणी उघडायला गेलं, तर पोटातलं सगळं स्वतःच पुसून टाकते. शेवटी नारळ बाहेर पायरीवर फुटला. माझी पाठ वळताच पेटीला हळदीकुंकू मात्र कुणीतरी लावलंच. ते मी पुसलं नाही. त्याने काही बिघडत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही जरा बरं वाटलं.

वीजमीटरमध्ये बसणाऱ्या चिपा आमच्याकडे कोऱ्या येतात. प्रत्येक चिपमध्ये आम्ही एक वेगळी गुप्त किल्ली भरतो. किल्ली म्हणजे एक लांबलचक आकडा, जो कुणालाच दिसत नाही. त्यामुळे मीटरला कुणी बाहेरून खोटं बोलायला लावू शकत नाही. या सगळ्या किल्ल्या ज्या एका थोरल्या किल्लीतून निघतात, ती त्या पेटीत राहते. ही पेटी लावून चालू करणं हे माझं काम होतं. तारा, एसी, जाळीचं दार, कॅमेरा, सगळं जमलं. अडलं ते माणसांपाशी.

पेटी जागी करायला तीन माणसं लागतात. प्रत्येकाकडे एक कार्ड आणि सहा आकड्यांचा एक नंबर. नंबर ज्याचा त्याने ठरवायचा आणि ताकास तूर लागू द्यायची नाही, घरच्यांनाही नाही. एक जण नंबर दाबत असताना बाकी दोघांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. तिघं एकमेकांना सामील होतील अशी माणसं नकोत, असा काम देणाऱ्या कंपनीचा नियम. त्यासाठी त्यांचा एक साहेब पुण्याहून आला होता.

आता आमचे मालक दिंडोरीकडचे, शेतकरी घरातले. कारखाना काढला तेव्हा त्यांनी विश्वासाची माणसं घेतली, आणि विश्वासाची म्हणजे नात्यातली. वॉचमन मावसभाऊ, ड्रायव्हर भाचा, पॅकिंगच्या वहिनी तर खऱ्याखुऱ्या वहिनी. एकाला शिंक आली की चार घरांत काढा उकळतो. साहेब एकेकाला विचारत गेले आणि प्रत्येक उत्तर कुठल्यातरी लग्नापाशी जाऊन थांबलं. नाशिकरोडची मी तेवढी एकटी परकी. पहिलं कार्ड मला मिळालं.

मग मालकांनी साहेबांना बाजूला नेलं. स्टोअर सांभाळणारे थोरले आणि मेंटेनन्स बघणारे धाकटे हे सख्खे भाऊ आहेत, मालकांचे आतेभाऊ, पण दोघांत विस्तव जात नाही. कित्येक वर्षांत एक शब्द नाही. मालक हे सांगताना खाली बघत होते. साहेबांनी दोघांना वेगवेगळं बोलावून विचारलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "उत्तम." मला त्या शब्दाचा रागच आला. पण कार्डं त्या दोघांना मिळाली आणि काम सुरू झालं.

भांडण आईवरून झालेलं. ती आजारी पडल्यावर थोरल्यांनी तिला गावाकडच्या मळ्यातून आपल्या गंगापूर रोडच्या फ्लॅटवर आणलं. मला घरी न्या, मला मळ्यात न्या, असं ती शेवटपर्यंत म्हणत राहिली आणि फ्लॅटमध्येच गेली. दहाव्याला रामकुंडावर धाकटे सगळ्यांसमोर म्हणाले, "आईला घरी मरू दिलं नाय तुम्ही." त्यानंतर वाटणी झाली. खालचा मळा धाकट्यांना आला, वरचा थोरल्यांना, आणि बोलणं संपलं.

अंबडची वीज तुम्हाला माहीत असेल. ती गेली की बॅटरी थोडा वेळ तग धरायची, मग पेटी झोपायची. तिला उठवायला आम्ही तिघं त्या एवढ्याशा खोलीत. एरवी जे दोघं एकमेकांकडे बघायचे नाहीत, ते आता नियमाने पाठ फिरवून उभे राहायचे. मी मध्ये. कधी कधी मला वाटायचं, दोघांच्या कानाला धरून समोरासमोर उभं करावं. पण वडिलांच्या वयाची माणसं, करणार काय?

त्या वर्षी थोरल्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. मांडव गावीच घालायचा होता. पत्रिकेत निमंत्रक म्हणून धाकट्या भावाचं नाव त्यांनी पहिलं छापलं होतं, पण पत्रिका द्यायला पाऊल उचलत नव्हतं. स्टोअरमध्ये चहा पिताना ते मला म्हणाले, "ताई, त्यानं घेतलीच नाय तर? काका नसंल तर पोरगी मला काय म्हणंल? अन् मांडवात लोक मलाच विचारत्याल ना, भाऊ कुठंय म्हणून." त्यांचा चहा तसाच निवला.

लग्न आठवड्यावर आलं असताना एका दुपारी वीज गेली आणि पेटी झोपली. बाहेर बायका हात बांधून बसलेल्या, माल संध्याकाळी जायचा. वीज परत आल्यावर मी माझा नंबर दाबला. धाकट्यांनी त्यांचा दाबला. मग थोरले पुढे झाले. आमंत्रणं देत गावोगाव फिरून आलेला माणूस, डोळे लाल. नंबर चुकला. पुन्हा दाबला, पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा चुकला असता तर कार्ड कायमचं बंद, आणि साहेब येऊन सगळं नव्याने करेपर्यंत कारखाना ठप्प.

"थांबा काका," मी भिंतीकडे बघतच म्हणाले. "शांतपणे आठवा."

ते स्वतःशीच पुटपुटले, "वरचा का खालचा..."

आणि माझ्या शेजारून, भिंतीकडे तोंड केलेल्या धाकट्यांचा आवाज आला. "खालचा आधी, दादा. मंग वरचा."

मागे सहा वेळा टिकटिक झाली आणि पेटीचा पंखा सुरू झाला.

मला कळायला थोडा वेळ लागला. दोन मळे, दोघांचे गट नंबर तीन-तीन आकडी. वाटणीआधी दोन्ही मिळून एकच शेत होतं, आणि आई कुणालाही पत्ता सांगताना विहिरीपासून सुरुवात करायची, आधी खालचा मळा, मग वरचा. थोरल्यांचा गुप्त नंबर तो होता. धाकट्यांचाही तोच, नाहीतर नुसत्या पुटपुटण्यावरून त्यांना इतक्या चटकन कळलं नसतं. वाटणी झालेली जमीन दोघांनी आपापल्या मनात जोडून ठेवली होती, तीही त्याच क्रमाने.

पेटी सुरू झाली की खोलीत थांबायचं नाही, असा नियम. कुणी हललं नाही. धाकटे भिंतीकडेच बघत म्हणाले, "डॉक्टरांनी आईला गावाकडं हलवू नका सांगितलं होतं. मला तवाच म्हाईत होतं. पण राग कुणावर काढायचा दादा? आईवर काढू?"

थोरले पेटीजवळच्या स्टुलावर बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. मग म्हणाले, "पोरीचं लग्न हाय रे."

"म्हाईत हाय. मांडवाचे बांबू कवाच तोडून ठेवलेत."

मी दार उघडून बाहेर आले. माझेही डोळे काही कोरडे नव्हते.

पण काम ते काम. तीनातले दोन नंबर षट्कर्णी झाले होते, एका घरात गेले होते. मी तसं कळवलं. हळदीच्या आदल्या दिवशी पुण्याचे साहेब हजर झाले. दोघं भाऊ गावाहून एकाच मोटारसायकलवर आले, कार्डं देऊन त्याच मोटारसायकलवर परत गेले, मांडव अर्धा राहिला होता म्हणून. साहेब खिडकीतून बघत होते. मग त्यांनी पेन काढलं आणि दोघांना बदलण्याचं कारण विचारलं.

"सख्खे भाऊ आहेत," मी म्हणाले.

"ते तर तेव्हाही होते की."

"नाही साहेब," मी म्हणाले. "तेव्हा नव्हते."