पऱ्हाटीचं पोतं

कपाशीचा हंगाम संपला की शेतात उरते ती पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळत आलेल्या काड्या. आमच्याकडे ती चुलीत जाते. माझं पोट मात्र तिच्यावरच चालतं. लाकडाला ताठपणा देणारा, त्याचे धागे एकमेकांना चिकटवून ठेवणारा लिग्निन नावाचा पदार्थ असतो. तो पऱ्हाटीतून काढून त्याचे प्लास्टिकसारखे पापुद्रे करता येतात का, हे आम्ही पुण्याच्या प्रयोगशाळेत पाहतो.

घरातला पहिला पदवीधर मी. मी शिकत होतो तेव्हा जळगाव जामोदजवळचं आमचं शेत माझ्या चुलतभावाने, दादाने, सांभाळलं. म्हणून नमुना घ्यायचा तर त्याच शेतातला, असं मी ठरवून टाकलं होतं. त्यात कृतज्ञता होती आणि सोयही होती. तिथली माती, पाणी, सगळं माहितीतलं.

यंदा दादाने पाठवलेल्या भाऱ्यापासून केलेले पापुद्रे वाळताच तडकायला लागले. आधी मला भट्टीचा संशय आला, मग रसायनाच्या नव्या बाटलीचा, मग सोबत काम करणाऱ्या मुलीचा. तिच्या नकळत मी तिची मापं पुन्हा घेतली. ती बरोबर निघाली. शेवटी उरलेल्या काड्या भिंगाखाली धरल्या. साल काळपट, आतलं लाकूड भुसभुशीत, आणि त्यात बुरशीचे पांढरे धागे. ती बुरशी लिग्निनच खाते, आणि ताज्या उपटलेल्या पऱ्हाटीत ती अशी पसरलेली नसते. या काड्या निदान एक पावसाळा सरपणाच्या ढिगात काढून आल्या होत्या.

दादाने मला जुनं सरपण का पाठवावं, ते कळेना. उभ्या काड्या मातीत चिरडून टाकणारा रोटाव्हेटर शेतात फिरायच्या आत ताजी पऱ्हाटी मिळाली नाही, तर पुढच्या हंगामापर्यंत काम बंद. मी गावाची बस धरली.

घरी पोचलो तेव्हा दादा शेतात होता. वहिनीने चहा दिला, ख्यालीखुशाली विचारली, पण मी काड्यांचा विषय काढला की ती म्हशीकडे बघायची. शेजारचे काका, एरवी हटकून आत येणारे, दारातूनच रामराम घालून पुढे गेले. कप उचलता उचलता वहिनीने विचारलं, "भाऊजी, तुमच्या त्या मशीनीत बियाणं कोणतं ते समजते का?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. परवानगी नसलेल्या बियाण्याला आमच्याकडे चोरबीटी म्हणतात. तणनाशक मारलं तरी ती कपाशी मरत नाही. निंदणाला बाया मिळत नाहीत, म्हणून लोक गुपचूप लावतात. मग तपासणीवाले येतात. आणि मी काड्या मागताना दर वेळी विचारायचो, जात कोणती, बियाणं कुठून आणलं. म्हणून दादाने यंदाची पऱ्हाटी लपवून जुनी पाठवली होती.

दादा आल्यावर मी सरळच सांगितलं, की मी बियाणं तपासत नाही, मला फक्त लाकूड पाहिजे.

"मंग जात काऊन इचारतं?"

प्रत्येक नमुन्यावर लिहावी लागते, असं मी म्हणालो.

"अन् दुसऱ्या कोणाले समजन का यातून?"

नाही म्हणणं सोपं होतं. "कोणी तपासलं तर समजन," मी म्हणालो. "पण मी कोणाले देणार नाही."

दादाने आधी जेवण उरकलं. हात धुताना हसला. "तुह्या शिक्षणापायी मी वावर केलं बे, अन् आता तुलेच भेऊन राह्यलो."

सकाळी तो पऱ्हाटी उपटायचा चिमटा घेऊन शेतात गेला, मला घरीच थांबवून, आणि भरलेलं पोतं घेऊन आला. मी त्याच्यासमोर चिठ्ठी लिहिली: जात माहीत नाही. ते खरंच होतं. त्याने सांगितली नव्हती, या खेपेला मी विचारली नव्हती. पुण्यात प्रयोगशाळेचे साहेब यावरून बोलणार हे दिसत होतं. दादाने चिठ्ठी वाचली आणि पोत्याला स्वतःच बांधली.

स्टँडवर मी बसमध्ये खिडकीशी जागा धरली, सुटायला वेळ होता. दादा चहा आणायला गेला तसं मी मांडीवरच्या पोत्याचं तोंड सैल करून एक काडी मोडली. ती सहज तुटेना. साल सुतासारखी ओढली गेली, आत पांढरं, ओलसर लाकूड. नाकाशी धरली आणि वर पाहिलं, तर दादा खिडकीखाली उभा, दोन्ही हातांत कप.

"ताजी आहे ना?"

"हाव."

"मले वाटलंच, तू पाहशीन." त्याने एक कप वर दिला. मग टाचा उंच करून, चिठ्ठी अजून जागेवर आहे का, ते खिडकीतून पाहिलं.