तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, प्रयोगशाळेत नाही, कुणालाच नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. एवढंच धैर्य आहे माझ्याकडे — आणि त्याचाही मला संताप येतो.

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर काम करते. पेशीच्या आतलं त्रिमितीत बघायचं असेल तर लोक माझ्याकडे येतात. शरीरातला एक बारीक तुकडा घ्यायचा, रसायनात टाकून आहे तसा थांबवायचा, राळेत घट्ट बसवायचा. मग यंत्राच्या पोटात हिऱ्याची सुरी त्याचा पातळ पापुद्रा काढते, उघड्या पडलेल्या भागाचा फोटो निघतो. परत पापुद्रा, परत फोटो. असे शेकडो फोटो संगणकात एकावर एक रचले की पेशीचं अंतरंग उभं राहतं. फिरवा, आत शिरा, काय वाट्टेल ते करा. बघणारे 'वा!' म्हणतात. मला त्या 'वा'ची चटक लागली होती. हे आधीच सांगितलेलं बरं.

आरती लोणी काळभोरची. तेव्हा कॉलेजात होती. तिचे पाय हळूहळू दुबळे होत चालले होते. जिना चढताना कठडा धरून स्वतःला अक्षरशः वर ओढायची. रुग्णालयानं तिच्या मांडीतल्या स्नायूचा तुकडा काढून तपासायचं ठरवलं. त्याच वेळी आणखी एक तुकडा, तांदळाच्या दाण्याएवढा, आमच्यासाठी मिळावा म्हणून मी तिला आणि तिच्या आईला, सुमनताईंना, भेटले. मला कुणी पाठवलं नव्हतं. मीच गळ घातली.

"म्याडम, पोरीच्या आत काय बिघडलंय ते दिसंल का?" सुमनताईंनी विचारलं.

"साध्या तपासणीत जे दिसत नाही तेही दिसेल, ताई," मी म्हणाले. केवढा तो रुबाब!

तुकडा शरीराबाहेर आला की काही मिनिटांत रसायनात जायला हवा, नाहीतर पेशी फुगतात, फाटतात. हे मी विद्यार्थ्यांना ओरडून ओरडून शिकवते. रसायनाची बाटली सोबत न्यायची असते. मी घरून थेट रुग्णालयात गेले आणि ती विसरले. ठीक आहे, तुकड्याची डबी घेऊन धावत प्रयोगशाळेत आले — तर संचालक पाहुण्यांना घेऊन उभे. "या मॅडम, दोन मिनिटं जरा यंत्र दाखवा यांना." आता साहेबांचं नाव पुढे करू? सोपं आहे. पण 'नमुना आधी टाकून येते' एवढं म्हणायला माझी जीभ झडली असती का? मी डबी टेबलावर ठेवली आणि पाहुण्यांना पेशी फिरवून दाखवत बसले. चहा झाला, फोटो झाले. डबी तिथेच.

पुढचे सगळे सोपस्कार मी केले. पडद्यावर काय दिसलं? पेशींची फाटलेली आवरणं, फुगलेल्या पोकळ्या. त्यात आजार कुठला आणि माझा हलगर्जीपणा कुठला, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. इकडे रुग्णालयाचा अहवाल आला — 'ठामपणे काही सांगता येत नाही.' म्हणजे सगळी भिस्त माझ्या तुकड्यावर. आणि तुकडा तर मी मारून टाकलेला.

त्या दोघींना सांगायला हवं होतं ना? रागावल्या असत्या त्या? बहुधा नसत्याच. डॉक्टरांनी निदान दुसरी वाट तरी शोधली असती.

दोघी बघायला आल्या. लोणीहून बसनं, वाटेत स्वारगेटला बस बदलून, आरती आईच्या खांद्याचा आधार घेत. आणि मी — मी पडद्यावर एका उंदराचा स्नायू लावला. धडधाकट उंदराचा. आदल्या वर्षी मी स्वतः रंगवलेला: पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या कणिका केशरी, स्नायूचे तंतू निळे. माझं सगळ्यात देखणं काम.

"मॅडम, हे माझं आहे?" आरतीनं विचारलं.

मी हो म्हणाले.

ती 'वा' म्हणाली नाही. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "इतकं छान आहे सगळं? मग मला चालता का येत नाही?"

"अगं, अभ्यास चालू आहे अजून," मी म्हणाले. वर त्या चित्राची एक प्रत गुळगुळीत कागदावर छापून तिच्या हातात दिली. बक्षीस दिल्यासारखी!

ते चित्र घरात फिरलं. तिच्या काकांनी निकाल लावला, "शास्त्रज्ञ बाईनं दाखवलंय, आत समदं झ्याक हाय. नाटकं करती पोरगी." डॉक्टरांकडे जाणं थांबलं. रोज सकाळी तिला जिना चढायला लावायचे. हे मला कसं माहीत? तिनंच फोन करून सांगितलं. आणि विचारलं, "मॅडम, मी खरंच नाटक करत असेन का? मलाच कळेनासं झालंय."

त्या क्षणीसुद्धा मला सांगता आलं असतं. मी म्हणाले, "डॉक्टरांना विचार गं, मी मीटिंगमध्ये आहे." मीटिंग नव्हती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती जिन्यावरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. पुन्हा उभी राहिली नाही.

खूप उशिरा, दुसऱ्या एका रुग्णालयात, रक्ताच्या तपासणीतून आजाराचं नाव कळलं. स्नायूंचाच आजार, जन्मापासून तिच्यात असलेला. स्नायूंवर असा ताण मुळीच द्यायचा नसतो त्यात. आरती आता चाकाच्या खुर्चीत असते. माझ्याकडे त्या उंदराचं चित्र अजून आहे, व्याख्यानांत दाखवते. लोकांना आवडतं.

गेल्या महिन्यात सुमनताईंचा फोन आला. रडत होत्या.

"म्याडम, तुमी एवढं दाखवलं, आमालाच त्यातलं कळलं न्हाई. पोरीला जिन्यावर आमीच चढवली. आन् घरात दोष तुमाला दिला. आमची चूक झाली. राग धरू नका."

आता तरी बोल, सटवे — असं मी स्वतःला म्हणालेसुद्धा. आणि मग माझ्या तोंडून आलं, "असू द्या, ताई. माझ्या मनात काही नाही."

"लई मोठं मन हाय तुमचं," त्या म्हणाल्या.

मी त्यांना माफ केलं. मी — त्यांना.