भावजींच्या हौदातले भुंगे

नावाडी काकूंची होडी सात वर्षं अंगणात पालथी पडली होती आणि तिच्याखाली कोंबड्या अंडी घालत होत्या. ज्या बाईनं नवऱ्याच्या मागे एकटीनं वल्हं मारून अख्ख्या वस्तीला तळ्यापलीकडे पोचवलं, तिला रोज सकाळी आपल्याच होडीखाली हात घालून अंडी चाचपावी लागायची. दर अंड्यामागे काकू धाकट्या दिराचा उद्धार करायच्या.

हा दीर, म्हणजे अख्ख्या आळीचे भावजी, भिंतीला भिंत लागून राहायचा. माणूस हौशी. कुठूनशी जलपर्णीची दोन झाडं आणून मागच्या हौदात सोडली. जांभळी फुलं आली तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून दाखवली. हौद गच्च भरला तसा भावजींनी नको झालेल्या वस्तूचं ते नेहमी करायचे तेच केलं: पाटी भरली आणि मागच्या दारानं तळ्यात ओतली. पुढं तळ्यावर अशी हिरवी सतरंजी पसरली की वल्हं शिरेना. विचारलं की भावजी साळसूदपणे म्हणायचे, वाहून आली असेल कुठून तरी.

काकूंना होडी पाण्यात हवी होती. पण त्याच्याही आधी हवा होता भावजींच्या तोंडून कबुलीजबाब, तोही चारचौघांत.

वस्तीबाहेर जलपर्णी खाणारे भुंगे पाळण्याचं केंद्र निघालं, तिथं काकू कामाला लागल्या. मसुरीच्या दाण्याएवढा, सोंडेचा तपकिरी भुंगा. जलपर्णीच्याच मूळ देशातून आणलेला. सोडण्याआधी त्याला पिंजऱ्यात कोंडून दुसरी झाडं पुढं ठेवली होती म्हणे. उपाशी मेला, पण तोंड लावलं नाही. हा स्वभाव काकूंना फारच पटला. "एकाच्याच मुळावर उठलाय," त्या कौतुकानं सांगायच्या, "अगदी माझ्यासारखा."

केंद्रातली एक टाकी गळायला लागली. केंद्र चालवणाऱ्या मॅडम तिच्यातले भुंगे ठेवायला जागा शोधत होत्या. काकूंनी चार माणसांत भावजींच्या हौदाची अशी तोंड भरून तारीफ केली की भावजींना नाही म्हणणं जड गेलं. महिन्याभरात त्यांच्या लाडक्या पानांना देवी आल्यासारखे व्रण पडले, फूल म्हणून दिसेना. काकू रोज भिंग घेऊन हजर.

"भावजी, पाहुण्यांना काही कमी पडू देऊ नका हं."

भावजींनी दात ओठ खाल्ले, आणि एका भर दुपारी आळी डुलक्या घेत असताना हौदावर ढेकणांची पावडर शिंपडली. भुंगे उताणे पडले. आता मॅडमना काय दाखवायचं? भावजींना नेहमीचंच सुचलं. झाडांसकट पाटी भरली, मागचं दार उघडलं, तळ्यात ओतली.

काकू स्वयंपाकघराच्या खिडकीत भांडी पुसत होत्या. त्यांनी सगळं पाहिलं. ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पावडरीनं वरचे भुंगे मेले असतील, पण देठ पोखरत आत बसलेल्या अळ्यांना तिचा वाससुद्धा लागत नाही, हे त्या केंद्रात शिकल्या होत्या. मॅडमना त्यांनी एवढंच कळवलं की हौदातला माल संपला. भावजींना वाटलं, सुटलो.

काकू तीन वर्षं थांबल्या. धक्क्याजवळची पानं आधी खुरटली, मग तपकिरी पडली, मग कुजून बुडाली. एके सकाळी होडीच्या रुंदीपेक्षा मोठा उघड्या पाण्याचा पट्टा दिसला. काकूंनी कोंबड्या हुसकावल्या, बुडाला डांबर लावलं, होडी सुलटी केली. सगळी आळी धक्क्यावर जमली. मॅडमही आल्या, आणि चक्रावल्या. केंद्रानं या काठाला एकही भुंगा सोडलेला नव्हता. इथं कुणी सोडले, त्याचं नाव कळलं तर अहवालात घालू, म्हणाल्या.

काकू खाली बघून दोरी सोडवत बसल्या. आपला दीर त्यांना पुरता ठाऊक होता. नाव छापून येणार म्हटल्यावर भावजींना राहवेना. गर्दीतून वाट काढत ते पुढं आले.

"मीच. भुंग्यांनी भरलेली पाटी ओतली होती, मागच्या दारानं."

"अस्सं," काकू म्हणाल्या, "आणि त्याच दारानं पहिली पाटी कुणी ओतली, भावजी?"

भावजींची नजर मॅडमच्या वहीवरून आळीकडे, आळीकडून चपलांकडे गेली.

"तीही मीच," ते चपलांना म्हणाले.

"जरा मोठ्यानं. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

भावजींनी मोठ्यानं सांगितलं. मग काकूंनी होडी पाण्यात लोटली आणि आत ऐसपैस बसून वल्हं भावजींपुढं धरलं.

"या. पलीकडचेही वाट बघतायत. त्यांनाही सांगा."