अर्धा किलो खसखस

सर्व संबंधितांना जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, खसखशीपायी मी सौदीच्या तुरुंगात जाता जाता राहिलो. काल घरात अनारसे तळल्याचा वास सुटला आणि ती दुपार आठवली. महिनाभर युरोप फिरून आम्ही नवराबायको गाडीने सौदीत हाइलला, माझ्या नोकरीच्या गावी, परतत होतो, आणि प्रवासाचा तो शेवटचा दिवस होता. कंपनीत तेव्हा आमच्यासारख्या परदेशी लोकांच्या खुर्च्या एकेक करून सौदी तरुणांना मिळत होत्या. दुसऱ्या सकाळी मी हजर नसतो, तर माझीही गेली असती. सौदीच्या सरहद्दीवर रांगेत अडकलो होतो, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे, पुढेमागे ट्रक, तापलेल्या डिझेलचा वास. तेवढ्यात बायकोने हळूच विचारलं, "अहो, इथे खसखस चालते ना?" मला दरदरून घाम फुटला. इथे ती अफूत मोजतात! "आहे कुठे?" "ही काय, मांडीवर डब्यात. हंगेरीत इतकी छान मिळाली, म्हटलं दिवाळीला अनारशांना होईल." वळायला जागा नाही, फेकावी तर चहूकडे शिपाई. शेवटी कस्टमचा अधिकारी खिडकीशी आल्यावर मीच सगळं कबूल केलं, अनारशांसकट. त्याने डबा उघडून हुंगला, माझा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, पाहिला, मग माझं तोंड पाहिलं. अखेर डबा झाकणासकट कचऱ्याच्या पिंपात टाकून त्याने निघा म्हणून हात हलवला, "यल्ला, यल्ला!" आज मी हे हसत सांगतो, पण तेव्हा त्याचा विचार बदलायच्या आत मी गिअर टाकला, आणि शेजारून ही ओरडली, "अहो, थांबा ना! डबा तरी मागून घ्या, आईचा आहे तो!"