भावाच्या घड्याळात मुलाचं नाव

काशिराम दुपारी दीड वाजता माझ्या दारात आला, चपला न काढता ओटीवर बसला नि बोलला, "रंभा, जेवायला वाढ, घरी कोन नाय." घरी कोन नाय हे खरं होतं. भामा, म्हंजे त्याची बायको, उरनला भनीकडं गेलेली. मी भात नि सुक्या बोंबलाचं कालवन वाढलं. अर्धा भात खाल्ला, बाकीचा सारला. घाम आलेला. मी बोलली, पंख्याखाली पड. तो पडला. तीन वाजता चहा घेऊन गेली तर उठला नाय.

एवढंच झालं. यात मी काय केलं ते मला सांगा.

पन दुसऱ्या दिवसापासून गावात एकच बोलनं. काशिराम भनीच्या घरी जेवला नि गेला. त्याला बीपी, नि हिनं खारट बोंबील घातलं. मैताला आलेल्या बायका माझ्या तोंडाकडं बगायच्या नि मग माझ्या हाताकडं. भामा सगळ्यांना सांगायची, पयलं रडत, मग न रडता. मी ऐकून घेत होती. घरात मेलेला मानूस माझा बी होता.

काशिराम माझा धाकटा भाऊ. मी त्याला काश्या बोलायची, बाकी कुनी बोललं तर मारायला धावायचा. आमी शिरढोणचे. जमीन रस्त्यात गेली तवा तो कळंबोलीच्या लोखंड बाजारात लागला, नि बावीस वर्सं हायड्रा चालवला. हायड्रा म्हंजे ती चालती क्रेन, लोखंडाच्या प्लेटा उचलते ती. काश्या प्लेट उचलली का एक वीत वर घ्यायचा नि थांबायचा. पट्टा नीट बसला का बगायचा, मगच वर. मालक खाली उभा राहून शिव्या द्यायचा, येळ जातो बोलायचा. काश्या वरून दोन शिव्या जास्त द्यायचा नि तरी थांबायचा. बावीस वर्सांत त्याच्या हुकाखाली कुनाचं बोट बी गेलं नाय. हे कुनी मैताला बोललं नाय. बोंबलाचं बोलले.

स्वभावानं गोड नव्हता. लग्नात जेवायला बसला तर भाजीला नाव ठेवायचा नि तीनदा मागून घ्यायचा. शाळा तिसरीपर्यंत. इंग्रजी आकडे येत होते, अक्षरं नाय.

दोन वर्सांमागं त्याच्या पोरानं, प्रितेशनं, नवीन घड्याळ घेतलं, ते हातावरचं, नाडी नि पावलं मोजनारं. जुनं बापाला दिलं. देताना त्यातलं आपलं खातं काढलं नाय. घरातलीच वस्तू हाय, कशाला काढायचं, असं त्याला वाटलं. म्हंजे घड्याळ बापाच्या मनगटावर, नि बापाची नाडी पोराच्या नावावर, पोराच्या मोबाईलमंदी. बापाकडं साधा बटनवाला फोन. काश्याला त्याचं काय नाय. बाजारात हात वर करून सगळ्यांना दाखवायचा. दिवसभर केबिनमंदी बसायचं मग पावलं होनार कुठून, म्हनून संध्याकाळी हात हलवत बसायचा. मी हसायची तर बोलायचा, "तुझ्या बापाची पावलं जातात काय?" आमचा बाप एकच, हे त्याच्या ध्यानात नाय.

दहाव्याला दिनानाथ आला. दिनानाथ म्हंजे काश्याचा खालचा मानूस, पट्टा बांधायचा नि हातानं इशारा करायचा. छातीत जाळी बसवलेली हाय त्याच्या, तरी अजून कामावर. त्यानं मला बाजूला घेतलं. बोलला, त्या दिवशी अकरा वाजता काशिराम केबिनमंदी नुसता बसलेला, काम थांबलेलं, नि घड्याळ थरथरलं. वर इंग्रजीत काय तरी आलं. काशिरामनं पोराला फोन लावला. पोरगा बोलला, बाबा मी मीटिंगमंदी हाय, ते असंच येतं, बाजूचं बटन दाबा. काशिरामनं दाबलं. दहा मिनिटांनी परत थरथरलं. परत दाबलं. मग खाली उतरला, बोलला, मी घरी जातो.

मी दिनानाथला विचारलं, हे कुनाला सांगितलंस? बोलला, मला कुनी विचारलं नाय.

मला त्या रात्री अन्न गेलं नाय. दहा दिवस माझ्या बोंबलाला फाशी, नि प्रितेशला सगळं म्हाईत.

आमच्या घरात अशी रीत हाय का मेलेल्या भावाची एक वस्तू भनीच्या हातानं जाते. हातावर पानी सोडायचं नि द्यायची, परत तिच्याकडं बगायचं नाय. तेराव्याला भामानं मला काश्याची छत्री काढून दिली. मी बोलली, छत्री नको, घड्याळ. दिनानाथला देनार.

प्रितेश लगेच बोलला, आत्या, घड्याळ मी ऑफिसच्या तिकडं एका संस्थेला देनार हाय, ते जुनी घड्याळं घेतात, गरजूंना देतात. मी बोलली, दिनानाथ गरजू नाय तर काय बिल्डर हाय? दिनानाथ तिथंच बसलेला, तो खाली बगत होता. मग प्रितेश बोलला ठीक हाय, पन माझं खातं काढल्याशिवाय दुसऱ्याच्या हातात चालनार नाय, काढलं का आतलं सगळं पुसतं. नि मोबाईल काढून घाईघाईनं करायला लागला.

मी त्याचा हात धरला. बोलली, पुसायच्या आधी वाच.

"काय वाचू?"

"त्या दिवशीचं. अकरा वाजताचं. आईला ऐकू जाईल असं वाच."

तो माझ्याकडं बगत राह्यला. मग दिनानाथकडं. त्याला कळलं. मी हात सोडला नाय. भामा बोलली, काय चाललंय? मी बोलली, तुझा पोरगा सांगेल.

त्यानं मोबाईलवर बोट फिरवलं. काश्याला इस्पितळात नेलं तवा बापाच्या हातातलं घड्याळ याच्याच खिशात आलेलं, तवा सगळं मोबाईलमंदी उतरलेलं. याला दिसलं नसेल असं मी मानत नाय. त्यानं वाचलं. अकरा वाजून नऊ मिनिटं. मानूस बसलेला असताना नाडी एकशे अडतीस. अकरा वाजून वीस मिनिटं, एकशे एक्केचाळीस.

"रोज यायचं, आत्या. जिना चढले तरी यायचं. मला वाटलं तसंच."

मी ऐकलं. मला पटलं बी. पन पटलं म्हनून राग जातो असं नाय. चूक मानसाकडून होते. ती झाकून आत्याच्या ताटावर ढकलायची, तेरा दिवस, ती चूक नाय, ती हरामखोरी. हे मी त्याला तोंडावर बोलली. भामा उठली नि आतमंदी गेली, भांडी वाजायला लागली. माझ्याकडं आली नाय. मी बी वाट बगितली नाय.

मग बोलली, आता काढ. पासवर्ड त्यानं दोनदा चुकीचा टाकला. तिसऱ्यांदा बरोबर. घड्याळ काळं झालं नि थोड्या येळानं परत उजळलं, कोरं, कुनाचंच नाव नाय. मी हातावर पानी सोडलं नि दिनानाथला दिलं. तो बोलला, काशिरामदादा एक वीत वर घेऊन थांबायचे, मी जिवंत हाय त्यामुळं. तेवढं एकच वाक्य कुनीतरी बोललं तेरा दिवसांत.

चार दिवसांनी दुपारी प्रितेश माझ्या दारात आला. घड्याळाचा चार्जर घेऊन. द्यायचा राह्यला होता, बोलला, दिनानाथकाकाचं घर मला म्हाईत नाय, तू दे. मी चार्जर घेतला. तो उभाच. उन्हातून चालत आलेला. पानी मागितलं. मी तांब्या दिला. ये, बस, असं बोलली नाय. उभ्यानंच प्याला, तांब्या ओटीवर ठेवला नि गेला.